कोल्हापूर ते जळगाव : 498 किलोमीटर आणि सोळा तास

पार्श्वभूमी

मी दादरला प्रवासाच्या तिकिटांचं काम करतो. गिऱ्हाइकांत नाटकवाले बरेच आहेत. त्यांचं काम कटकटीचं, पण माणसं एकदा जोडली की सोडून जात नाहीत. हे प्रकरण अशाच एका नाट्यसंस्थेचं. नाटक आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावं, अंतरं आणि माझी चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी नाटकाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी रात्री कोल्हापूरला प्रयोग लागला होता, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी सहा वाजता, जळगावची एक संस्था कॉन्ट्रॅक्टवर प्रयोग मागत होती. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठरलेली रक्कम हातात, मग तिकिटं खपोत न खपोत. असा प्रयोग सहसा कुणी सोडत नाही.

अडत होतं ते मुख्य नटापाशी. त्यांना सगळे काका म्हणतात. वय सत्तरीचं, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रात्रभर बसून प्रवास करायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. बाकीची मंडळी प्रयोग संपला की बसमध्ये झोपून जळगाव गाठायला तयार होती, त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे ते. काकांचं काय करायचं एवढाच प्रश्न होता.

"अहो, कोल्हापूर-जळगाव विमानानं किती वेळ लागतो, एवढंच सांगा."

मी समोरच्या स्क्रीनवर दोन विमानतळांची नावं टाकली. अंतर 498 किलोमीटर, म्हणजे 269 नॉटिकल मैल. उड्डाणाचा वेळ 1 तास 7 मिनिटं.

"सव्वा तास धरा," मी म्हणालो.

आमचं बोलणं एवढंच झालं. तासाभरात त्यांनी जळगावला होकार कळवला आणि दोन दिवसांत आगाऊ रक्कमही घेतली.

तो आकडा कुठून आला

आकडा चुकीचा नव्हता, हे आधी सांगायला हवं. उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ आणि कुसुंब्याचा जळगाव विमानतळ यांच्यामध्ये पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ दोरी ताणली तर ती 500 किलोमीटरच्या आसपासच भरते. वेळेचा आकडा मात्र कुणी मोजलेला नसतो. असे हिशेब करणारी यंत्रं बहुधा अंतराला ताशी 800 किलोमीटरनं भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. 498 भागिले 800 म्हणजे साधारण 37 मिनिटं, अधिक 30. झाला एक तास सात मिनिटं.

ताशी 800 हा वेग मोठ्या जेट विमानाचा. जळगावसारख्या विमानतळावर येणारं एटीआर हे पंख्याचं विमान. त्याचा वरचा वेग ताशी 500 च्या घरातला. म्हणजे थेट विमान असतं तरी धावपट्टीपर्यंतची सरपट धरून दीड तासाजवळ गेलं असतं. वेळापत्रकात छापतात तो वेळ हवेतला नसतोच. विमान जागेवरून हललं तिथपासून पुढच्या गावी जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो असतो. मुंबईच्या बाबतीत त्यात थोडं जास्तच धरावं लागतं, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या तासाला चाळीसच्या वर विमानांची ये-जा तिच्यावरून चालते. उतरायचा नंबर येईपर्यंत वसई-डहाणूच्या बाजूला घिरट्या घालणाऱ्या विमानात आपल्यापैकी बरेच जण बसलेले आहेत.

पण माझी खरी चूक वेगाची नव्हती. थेट विमान आहे का, हेच मी पाहिलं नाही.

यात छोट्या गावांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी 'उडान' योजनेच्या भाषेचाही थोडा दोष आहे, असं मला आपलं वाटतं. 2016 साली योजना जाहीर झाली तेव्हा तिचं मापच 'साधारण 500 किलोमीटर, एक तास, 2500 रुपये' असं होतं. तेव्हापासून 500 किलोमीटर म्हटलं की एक तास हे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडात बसलंय. त्यात कोल्हापूर-जळगाव नेमकं त्याच मापाचं निघालं. त्या योजनेतल्या मार्गांना सरकारी भरपाई तीन वर्षांची असते. ती संपली की बरेच मार्ग बंद पडतात, काहींचे दिवस बदलतात. छोट्या गावांच्या विमानांवर 'आहे' आणि 'असेल' हे दोन वेगळे शब्द आहेत. मला हे माहीत होतं, तरी फोनवर सुचलं नाही.

अडचण समोर आली ती कशी

सप्टेंबरअखेर तिकिटं काढायला बसलो तेव्हा थेट विमान नाही हे कळलं. जायचं तर कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-जळगाव. पहिला टप्पा सरळ रेषेत सुमारे 309 किलोमीटर, दुसरा 356, मिळून 665. नकाशावर पाहिलं तर जळगाव कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. आपण आधी वायव्येला समुद्राकडे जाणार आणि तिथून पुन्हा ईशान्येला वळणार. दोन्ही टप्पे तासा-सव्वा तासाचे. मधे मुंबई.

मुंबईकराला मुंबई मधे आली की काही वाटत नाही. पण दोन्ही विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची होती, म्हणजे तिकिटंही वेगळी. सामान बाहेर घ्या, पुन्हा चेक-इन करा, आणि काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यात टर्मिनल वेगळं निघालं तर सांताक्रूझहून सहारला बाहेरच्या रस्त्यानं जायचं, आणि काकांना तर बॅग उचलायचीसुद्धा नव्हती.

तेव्हा दोन विमानांमध्ये साडेतीन तासांचं अंतर दिसत होतं. चालण्यासारखं होतं. पण ते उन्हाळी वेळापत्रक होतं. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आमचा प्रयोग नोव्हेंबरात होता. हिवाळी वेळा लागल्या तेव्हा तेच अंतर पावणेदोन तासांवर आलं. चेक-इनचा तास वजा केला तर हातात पाऊण तास उरत होता. कोल्हापूरला थंडीत सकाळी धुकं पडतं. ते पाऊण तास सहज खाऊन टाकतं.

मी व्यवस्थापकांना फोन केला आणि आधी माझी चूक सांगितली. ते चिडले नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. "पैसे घेतलेत हो मी," एवढंच म्हणाले.

समोरचे पर्याय

आम्ही शिवाजी मंदिरच्या समोर चहा घेत एका कागदावर लिहायला लागलो.

विमान, मुंबईमार्गे. हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत साधारण सहा तास. सगळं जुळलं तर दुपारी दोनच्या सुमारास काका जळगावात. न जुळलं तर काका मुंबईत, नाटक जळगावात, आणि प्रेक्षक खुर्च्यांवर.

मुंबई-छत्रपती संभाजीनगर विमान आणि तिथून गाडी. शेवटचे 160 किलोमीटर रस्त्यानं, आणि मधली मुंबई टळत नाहीच. खोडलं.

थेट गाडी. पुणे, अहिल्यानगर, संभाजीनगर करत सव्वासहाशेच्या आसपास किलोमीटर. रात्रीच निघावं लागणार, म्हणजे डॉक्टरांनी जे नको सांगितलं नेमकं तेच. खोडलं.

रेल्वे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड करत थेट जळगावला जाते. गाडी बदलायची नाही, रात्रभर आडवं पडून प्रवास. काकांच्या पाठीला याहून चांगलं काही नाही. पण ती कोल्हापूरहून दुपारी सुटते आणि आमचा प्रयोग रात्री होता. हळहळून खोडलं.

प्रयोग शुक्रवारी घ्यायचा. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं, तेव्हापासून कोल्हापुरात सोयीची तारीख मिळवणं सोपं राहिलेलं नाही. शुक्रवार दुसऱ्या कुणाकडे होता.

जळगाव सोडायचं. हे कुणी लिहिलंच नाही. मी लिहायला हवं होतं. पर्यायांच्या यादीत नकार नसेल तर ती यादी अपुरी असते, पण आगाऊ रक्कम घेतलेला माणूस समोर बसलेला असताना हे लिहिणं जड जातं.

कागद उलटा केला, तेव्हा विमानावरच येऊन थांबलो होतो. काकांबरोबर एक तरुण नट द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. त्याच संध्याकाळी मी दोघांची विमानाची तिकिटं काढूनही टाकली.

टेम्पोचा प्रश्न

दोन दिवसांनी तालमीच्या हॉलवर बॅकस्टेजचे प्रमुख भेटले. तीस वर्षं नेपथ्य लावणारा माणूस. व्यवस्थापकांनी त्यांना कौतुकानं सगळी योजना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका येतील हो," ते म्हणाले. "पण काका उभे कुठे राहणार?"

मग त्यांनी हिशेब मांडला. कोल्हापूरचा प्रयोग रात्री नऊला सुरू होणार, साडेअकराला पडदा पडणार. सेट उतरवून टेम्पोत भरायला दीड तास. रात्री एकला निघाले तरी भरलेला टेम्पो तासाला चाळीस-पंचेचाळीसच्या वर सरासरी देत नाही. सव्वासहाशे किलोमीटरला चौदा-पंधरा तास, म्हणजे जळगावला दुपारी तीन-चार. या नाटकाचा सेट म्हणजे दुमजली वाडा. जिना आहे, माडी आहे, आणि दुसऱ्या अंकात काका त्या माडीवरून खाली येतात. सेट उभा करायला तीन तास, प्रकाशयोजना लावायला आणखी एक. सहाची तिसरी घंटा आठला झाली असती.

आम्ही दोघंही गप्प. दोन महिने काकांच्या विमानाचा घोळ घालत होतो, आणि काका तासाभरात उडत जळगावला पोचले असते तरी प्रयोग उभा राहणार नव्हता. सगळ्यांत हळू जाणारी वस्तू वाडा होती, आणि वाड्याचा वेळ कुणी विचारलाच नव्हता.

या प्रकरणातलं खरं वळण हे आहे. तोपर्यंतचे सगळे निर्णय एका माणसाला उचलून पोचवण्याचे होते. आता शनिवारच्या प्रयोगाची वेळच बदलावी लागणार होती, काकांसाठी नव्हे, टेम्पोसाठी.

काय केलं

कोल्हापूरच्या संयोजकांना शनिवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग घ्यायची विनंती केली. ते नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. शनिवारी रात्रीला जो प्रेक्षक येतो तो दुपारी साडेबाराला येत नाही, अर्धा पगारवाला वर्ग त्या वेळी कामावर असतो. शेवटी निर्मात्यांनी आपल्या हिश्शातली रक्कम कमी केली तेव्हा ते तयार झाले. जाहिरात अजून छापायची होती, हे नशीब.

वेळ बदलल्यावर टेम्पोचा प्रश्न सुटला. दुपारी तीनला प्रयोग संपणार, पाचला टेम्पो निघणार, सकाळी जळगाव. आणि कागदावर खोडलेली एक ओळ पुन्हा जिवंत झाली.

महाराष्ट्र एक्स्प्रेस दुपारी कोल्हापूर सोडते, म्हणजे ती पकडता येणार नव्हती. पण ती मिरज, सांगली, कराड, सातारा करत रात्री पुण्यात येते. गाडीनं महामार्गावरून गेलं तर तिला पुण्यात गाठता येत होतं. मी तिकिटं कोल्हापूरपासूनची काढली आणि बोर्डिंग पुणे टाकलं. सुरुवातीच्या स्टेशनच्या कोट्यात खालचा बर्थ मिळायची शक्यता जास्त असते, आणि दिवाळीनंतरच्या परतीच्या गर्दीत पुण्याहून मिळालं नसतं. पैसे थोडे जास्त गेले.

आता काकांसाठी दोन वाटा होत्या. शनिवारी रेल्वे, किंवा शनिवारी रात्री कोल्हापुरातच आराम आणि रविवारी सकाळी विमान. काकांना विचारलं. ते म्हणाले, "मला विमान आवडतं. पण विमान चुकलं तर माझ्या हातात काही राहत नाही. रेल्वे चुकली तर रात्र तरी हातात आहे."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. रेल्वे चुकली असती तर पुण्यात मुक्काम करून सकाळी गाडीनं जायला वेळ होता, पाठ दुखली असती पण प्रयोग झाला असता. रविवारी दुपारी मुंबईत विमान चुकलं तर मुंबईहून जळगावला संध्याकाळी सहापर्यंत पोचवणारं काहीच उरत नव्हतं. रेल्वे पक्की केली. विमानाची तिकिटं मी रद्द न करता तशीच ठेवली, कोल्हापूरचा प्रयोग लांबला तर असावीत म्हणून.

काय झालं

प्रयोग पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला आणि सव्वातीनला संपला. काकांना भेटायला लोक विंगेत आले. हे मी हिशेबात धरलं नव्हतं. सत्तरीच्या नटाला प्रयोगानंतर कुणी सहज सोडत नाही. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली तेव्हा काकांच्या कानामागे अजून रंग होता, आणि बरोबरचा तरुण नट खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मागच्या सीटवर बसला होता.

साताऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम चालू होतं. कराडजवळ अर्धा तास गेला. मी मुंबईत बसून एका खिडकीत रेल्वेचं ठिकाण आणि दुसऱ्या फोनवर ड्रायव्हर, असे तीन तास घालवले. एका वेळी गाडी आणि रेल्वे दोन्ही साताऱ्याच्या आसपास होत्या. साताऱ्यालाच बसवावं असा मोह झाला, पण साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, आणि काळोखात ते शोधत फिरण्यापेक्षा पुणं बरं. हा निर्णय बरोबर होता की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही.

रात्री नऊ पस्तीसला ते पुणे स्टेशनात पोचले. रेल्वे त्यांच्यानंतर आली. काका खालच्या बर्थवर आडवे झाले ते मनमाडच्या चहावाल्यानं उठवेपर्यंत. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी ते जळगावच्या हॉटेलात होते. चार दहा ते आठ पाच, म्हणजे सोळा तासांना पाच मिनिटं कमी. टेम्पो त्यांच्या आधीच पोचला होता. संध्याकाळी सहाची तिसरी घंटा सहा पाचला झाली.

आता मजा पाहा. रविवारी सकाळी मी कुतूहल म्हणून कोल्हापूरच्या विमानावर नजर ठेवली. धुकं पडलं नाही. विमान वेळेवर सुटलं, मुंबईत घिरट्याही घालाव्या लागल्या नाहीत, आणि जळगावचं विमानही वेळेवर गेलं. काका विमानानं आले असते तर आरामात दोनला पोचले असते. निर्मात्यांना हे कुठून तरी कळलं आणि सोमवारी त्यांचा फोन आला, "मग विमानानंच पाठवायचं होतं की! ती धावपळ कशाला केली?"

मी त्यांना एवढंच म्हणालो, की शनिवारी रात्री मला रविवारचं धुकं दिसत नव्हतं.

हिशेब असा झाला. विमानाची तिकिटं काका बर्थवर पोचल्यावर रात्री रद्द केली, त्यात फक्त कर आणि विमानतळाचं शुल्क परत आलं. बाकी रक्कम मी माझ्या खिशातून भरली आणि कमिशन सोडलं. कोल्हापूरच्या दुपारच्या प्रयोगाचं उत्पन्न रात्रीपेक्षा कमी झालं ते निर्मात्यांनी सोसलं. जळगावच्या कॉन्ट्रॅक्टमधून तो खड्डा भरून वर थोडं उरलं. फार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

ऑगस्टच्या त्या फोनवर मी आकडा सांगितला नसता. निदान 'थेट विमान आहे का बघून संध्याकाळी सांगतो' एवढं म्हटलं असतं, तर व्यवस्थापकांनी जळगावला एक दिवस थांबवलं असतं आणि रविवारऐवजी सोमवारची तारीखही कदाचित मिळाली असती. एका दिवसाच्या उशिरानं कॉन्ट्रॅक्ट जात नाही. मला ते माहीत आहे, कारण जळगावच्या माणसांनी नंतर बोलता बोलता सांगितलं की त्यांना सोमवारही चालला असता. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

दुसरं, टेम्पोवाल्याला आणि बॅकस्टेजला पहिल्याच दिवशी विचारलं असतं. दौऱ्याचं गणित नटांपासून सुरू करायची आमची सवय आहे. काका महत्त्वाचे, म्हणून काकांचा प्रवास आधी. पण काकांचा प्रवास सगळ्यांत सोपा होता.

तिसरं, हंगामाच्या सीमेपलीकडच्या तारखेला छोट्या गावांच्या विमानांच्या वेळा पक्क्या धरल्या नसत्या. आणि आता तर एक प्रश्न वाढलाय. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. 'मुंबईमार्गे' म्हणताना एक विमान सहारला उतरतंय आणि दुसरं उलव्याहून सुटतंय असं होऊ शकतं, आणि त्या दोघांमध्ये अख्खी खाडी आहे.

रेल्वेच्या निर्णयाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. साताऱ्याच्या स्टेशनाबद्दल मी अजून विचार करतो. गेल्या आठवड्यात त्याच व्यवस्थापकांचा फोन आला होता, नांदेड आणि सिंधुदुर्ग, लागोपाठच्या दोन दिवशी. मी विचारलं, वाडा न्यायचाय का. ते म्हणाले, नाही, नवं नाटक आहे, दोन खुर्च्या आणि एक टेबल.

"मग बघून संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो.